जड हाताचा मूग

माझा हात जड आहे, असं आमच्या गावात गेली तीस वर्षं मानलं जातं. जड म्हणजे कानफटात बसला तर लागेल अशा अर्थाने नव्हे. तो अर्थ मला चालला असता. जड म्हणजे या हाताने पेरलं की उगवत नाही. हिवरा आश्रमाच्या बाजूला आमचं गाव आहे, आणि तिथे अजूनही पेरणीची पहिली मूठ चांगल्या हाताच्या माणसाकडून टाकून घेतात. मिरचीची रोपं लावायची असोत, लोणचं घालायचं असो की नव्या घराची पहिली कुदळ मारायची असो, आधी हात पाहतात. भाच्याच्या घराच्या पायाभरणीला मी मामा म्हणून कुदळ उचलली, तर बहिणीने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि पेढ्यांचा खोका दिला. "तू वाट," म्हणाली. पाहुण्यांना वाटलं, मान दिला. मला काय दिलं ते मला कळलं.

आणि याच गावात सगळ्यांत चांगला हात कोणाचा, तर माझ्या वहिनीचा. पेरणीच्या दिवसांत तिला न्यायला लोक मोटरसायकल घेऊन येतात. शेतावर नेतात, हळदकुंकू लावतात, पहिली मूठ टाकून घेतात आणि ब्लाउजपीस देऊन परत आणून सोडतात. माझा हात जड आणि तिचा हलका, हे दोन्ही निकाल एकाच शेतात लागले. तो निकाल मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बैल जुंपलेली पेरणीची तिफण हाकत होता. मी चाड्यावर होतो. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. त्याला खाली भोकं, भोकांना नळ्या, आणि नळ्यांतून बी तासात, म्हणजे फणाने पाडलेल्या चरीत, जातं. चाड्यावरच्या माणसाने बरोबर चालत चालत मुठीतून बी सारखं सोडत राहायचं. वहिनी त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आमच्याकडे आली होती. ती मागून सरतं धरून चालत होती. सरतं म्हणजे दोरीने तिफणीला बांधलेली एकच सुटी नळी; ती बाईच्या हातात असते आणि तिच्यातून ती तूर सोडत येते. असं आम्ही तिघांनी मिळून साडेतीन एकर पेरलं. मूग माझ्या हाताचा, तूर वहिनीच्या हाताची.

आठव्या दिवशी तूर उगवून आली, फुटपट्टीने आखल्यासारखी. मूग नाही. तुरीच्या ओळींच्या मधे नुसती काळी जमीन, कुठे तरी एखादं पिवळं, वाकडं रोप. बाबा बांधावर उभे राहिले. शेजारपाजारचे आले. त्यांतल्या एकाने विचारलं, "मुगावर मूठ कोनाची होती?"

तिथेच सगळं ठरलं. शेत एक, दिवस एक, पाऊस एक, बी एकाच घरातलं. उरला तो हात. मी त्या माणसाच्या मागे ढेकूळ घेऊन धावलो, त्यामुळे माझी बाजू आणखीच बिघडली.

दोन वर्षांनी मी खामगावला निघून आलो. जिनिंगच्या भिंतीला लागून फाटकी पोती शिवायला बसलो. पुढे जुनी पोती घेऊन विकायला लागलो, मग नवी, आणि आता माझं स्वतःचं बारदानाचं गोदाम आहे. या धंद्यात कोणी मला हात जड म्हणालं नाही. उलट माझ्याशी सौदा करून गेलेला माणूस गल्लीच्या टोकाला थांबून पुन्हा एकदा हिशोब करतो, असं मी स्वतः पाहिलं आहे. तरी गावी गेलो की मी तोच. पंक्तीत मला वाढायला देतात, पण मिठाला हात लावू देत नाहीत.

यंदा मी सुलतानपूरच्या बाजूला चार एकर जमीन घेतली. स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या नावाची. कागद हातात आला त्याच दिवशी घरी सांगून टाकलं, की पहिली मूठ मी टाकणार.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनींना बोलावू."

"जमीन माझी आहे."

"जमीन तुमची आहे म्हणूनच म्हणते. दुसऱ्याची असती तर टाका म्हटलं असतं."

मी भांड्यांच्या मांडणीवर हात आपटला. तिने फक्त मेथीची जुडी बाजूला सरकवली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझा राग कुठे जाऊन पडतो हे तिला पाठ आहे. "तुम्ही सरपंचाशी भांडा, व्यापाऱ्याशी भांडा," ती म्हणाली, "पन पहिली मूठ वहिनींची. त्यांनी जर म्हटलं, की तुमचा हात चालते, तर मले काही म्हनायचं नाही."

एवढी फट तिने ठेवली. मला फट पुरते. दुसऱ्या दिवशी मी मेहकरची बस धरली.

गावी दादाच्या घराचे टिनपत्रे काढून स्लॅब टाकायचं काम चालू होतं. माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आलं होतं आणि वहिनी त्यात बसून डबे पुसत होती. तिच्यापुढे सरबताच्या जुन्या काचेच्या बाटल्यांची एक ओळ होती. प्रत्येक बाटलीत राख, राखेत बी, तोंडाला मेण. वहिनी कोणतंही बी पूर्ण संपू देत नाही, मूठभर ठेवतेच. मी एक बाटली उचलून उन्हात धरली.

"ह्या कायच्या?"

"ठेवा खाली, भाऊजी," ती म्हणाली. मग हातातलं फडकं झटकून, "तो तुमचा मूग हाये."

"माझा कोणता?"

"तोच. पेरून उरला होता. बाबा म्हने, हे बी घरात नको, बाजारातलं आनू. मले वाटलं गावरान हाये, वरन चांगलं होते याचं, राहू द्या मूठभर. मंग कोनी पेरलाच नाही."

तीस वर्षं तो मूग माळ्यावर बसून होता आणि मी खामगावात. माझं डोकं एकदम चालायला लागलं. साक्षीदार जिवंत सापडला होता.

"हा मी उगवून दाखवतो," मी म्हणालो. "माझ्या हाताने."

दादा गवंड्याला चहा देऊन येत होता. तो कधी चिडत नाही. समोरचा चिडेपर्यंत वाट पाहतो. "तीस वर्साचं बी उगवते का बे?"

"उगवलं तर माझा हात चांगला म्हणायचं. सगळ्यांनी."

"हाव, म्हनू," दादा म्हणाला. खाटेवर बसला. "पन मंग एक सांग. आज उगवलं म्हंजे बियानं चांगलं होतं. बियानं चांगलं होतं, तर तवा काऊन नाही उगवलं? तवा हात कोनाचा होता? आन आज नाही उगवलं, तर हात हाये तसाच हाये."

दोन्हीकडून बुडणारा असा सौदा मी धंद्यात एकदाही केलेला नाही. आणि हा मी स्वतः, भर अंगणात, गवंड्यांच्या समोर, आवाज चढवून केला होता. मी उठून हौदावर गेलो, तोंड धुतलं, परत आलो.

"एकट्याच्या हाताने नाही," मी म्हणालो. "पन्नास मी लावतो, पन्नास वहिनी लावतील. एकाच बाटलीतले, एकाच पाण्यात. त्यांचे उगवले आणि माझे नाही, तर मी जन्मभर पेढे वाटीन. दोघांचे सारखे आले, तर हाताचा विषय बंद, आणि वहिनी माझ्या बायकोला फोन करून सांगतील."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे, म्हणजे जिथे छत होतं तिथे.

"शंभर दाने काऊन?" वहिनी म्हणाली. "बाटलीत हायेच दोन मुठी. वीस घ्या."

"विसात काय कळतं? अख्खी बाटली द्या."

"तीस."

"दीडशे, आणि राख तुमची तुम्हाला परत."

वहिनी हसली नाही. घासाघीस तिलाही येते, फक्त तिने तिचं दुकान टाकलं नाही. शेवटी शंभरावर ठरलं. मी सवयीने वर पाच मागितले. "ते तुमच्या खामगावात," ती म्हणाली आणि बाटलीचं मेण विळ्याच्या टोकाने काढलं.

बी उगवतं की नाही हे पाहायची आमच्याकडची रीत पोत्याची आहे. ओल्या पोत्याचा तुकडा पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीने दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा, मग चटईसारखी गुंडाळी करून सुतळीने बांधायची आणि सावलीत उभी करून रोज पाणी शिंपडायचं. गावातले लोक त्यासाठी हाताला येईल ते पोतं घेतात. मी घेऊ दिलं नाही. खताच्या पोत्यात मीठ राहतं. नव्या पोत्याला तागाच्या गिरणीतल्या तेलाचा वास असतो, त्यात बी गुदमरतं. मी दादाच्या कोठीतलं धान्याचं एक जुनं, घट्ट विणीचं पोतं निवडलं, दोन पाण्यांत उकळलं, पिळून वाळवलं आणि त्याचे चार सारखे तुकडे केले. ते करताना दादा माझ्याकडे पाहत होता. या घरात माझ्या हाताकडे कोणी इतका वेळ पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी माझे पन्नास मांडले. वहिनीने तिचे पन्नास मांडले. तिने मांडण्याआधी हात जोडले. मी म्हटलं, "ते चालणार नाही. देव दोघांकडे पाहिजे." मग मीही जोडले.

दोन्ही गुंडाळ्या न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि मी तिथेच मुक्काम ठोकला. बायकोचा फोन आला, इतके दिवस कशाला राहता. बारदानाचं काम आहे, असं मी सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं ठरलं होतं. तांब्या एकच. मी माझ्या गुंडाळीला शिंपडताना वहिनी दारात येऊन उभी राहायची, आणि ती शिंपडताना मी दात घासायला यायचो. दुपारी तिसऱ्यांदा दात घासताना दादाने मला पाहिलं. "दातं पडतीन," एवढंच म्हणाला.

चौथ्या दिवशी गुंडाळ्या सोडल्या.

माझ्याकडे तीन दाण्यांना मोड. वहिनीकडे दोन. मी उठून उभा राहिलो. "झालं. तीन आणि दोन. फोन लावा."

"बसा, भाऊजी."

"तीन दोनापेक्षा जास्त असतात."

"शंभरात पाच म्हंजे दोघायचेही हात जड," दादा म्हणाला. "आता तुह्या वहिनीलेही पेढे वाटायले लाव."

वहिनीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीस वर्षांत तिच्या हाताचे दोनच दाणे उगवल्याची ही पहिली वेळ. ती गुंडाळीवर वाकली आणि एक-एक दाणा बोटाने दाबायला लागली. काही दाणे मऊ होऊन सडले होते, माझ्याकडे सहा, तिच्याकडे नऊ. ते तिने बाजूला काढले. बाकीचे दाणे मात्र चार दिवस पाण्यात राहूनही जसेच्या तसे होते. हिरवे, चकचकीत, छर्‍यासारखे टणक. एक तिने दाताखाली धरला.

"हे मेलेले नाहीत," ती म्हणाली. "मेलेला दाना पानी पेते आन सडते. यायनं पानीच नाही पेलं. साल लई घट्ट झाली वाळून वाळून. आमच्या मायकडं जुन्या मुगाले मोड नाही आले, की आमची माय पाट्यावर चोळून घे."

चोळायचं म्हणजे पाट्याच्या खरबरीत बाजूवर दाणे ठेवून, वरून कापड धरून, हलक्या हाताने फिरवायचे. सालीला ओरखडा पडला पाहिजे, पण डाळ होता कामा नये. वहिनीने तिचे एकोणचाळीस चोळून घेतले आणि माझे घ्यायला हात पुढे केला.

"नाही," मी म्हणालो. "तुमचा हात लागला तर माझा हिशोब बिघडला. माझे मी चोळतो."

"जमन का?"

"गोण्या उचलल्या मी तीस वर्षं."

गोण्या उचललेला हात हे त्यातलं अवघड होतं. पहिल्याच फेरीत पाच दाण्यांची मुगाची डाळ झाली. पाटा चांगला होता, दोष त्याचा नव्हता. दादाने डाळ उचलून तळहातावर घेतली आणि म्हणाला, "आज वरन लाव वो." पुढचे मी जमिनीवर मांडी घालून, श्वास धरून, एक-एक चोळले. खामगावातल्या कोणी मला त्या वेळी पाहिलं असतं तर माझा भाव पडला असता.

पुन्हा मांडणी, पुन्हा गुंडाळी, पुन्हा पाणी. पण आता एक गोष्ट बदलली होती. वहिनी माझ्या गुंडाळीवरही पाणी शिंपडायला लागली, आणि मी तिच्या. आधी दोघांनी एकमेकांना पाहू दिलं नाही. मग तिने मला पाहिलं.

"माह्या गुंडाळीत पानी जास्त घालून सडवून राह्यले का, भाऊजी?"

"सुकत होती."

"हं," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

खरं सांगायचं तर मला तिचे दाणे उगवायला हवे होते. तो मूगच उगवायला हवा होता, कोणाच्या का हाताने होईना. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं.

आणखी तीन दिवसांनी सोडलं. पोत्याच्या विणीतून पांढरी मुळं आरपार गेली होती, तुकडा उचलायला जड जात होतं. मी मोजायला बसलो. माझे आधीचे तीन आणि आताचे बावीस, पंचवीस. वहिनीचे आधीचे दोन आणि आताचे चोवीस, सव्वीस.

"एकानं हरला," दादा म्हणाला.

"पाच दाण्यांची डाळ झाली. ते धरले तर मी पुढे आहे."

"डाळीले मोड कधीपासून येऊन राह्यले?"

मी तोंड उघडलं होतं, पण त्या क्षणी माझ्यातला व्यापारी जागा झाला आणि त्याने माझं तोंड बंद केलं. एका दाण्यासाठी भांडून मी कशाला जिंकू? माझा फायदा बरोबरीत होता. "बरं," मी म्हणालो. "सव्वीस आणि पंचवीस. म्हणजे हात सारखे. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली. तिला हा निकाल फार आवडला नव्हता, पण खोटं बोलायची तिची पद्धत नाही.

"आणि बियाणं चांगलं. तीस वर्षांनी निम्मं उगवतं, म्हणजे त्या वर्षी ताजं असताना शंभरात नव्वद उगवायला हवं होतं. कबूल?"

"हाव."

"हात चांगला, बियाणं चांगलं, पाऊस तोच, तूर आली. मग मूग का नाही आला?" आणि हे विचारतानाच मला दिसलं, की त्या शेतात आम्ही दोघंच नव्हतो. "दादा, तिफण कोण हाकत होतं?"

दादा उठला. "गवंड्याले सिमेंट पाह्यजे असन," म्हणाला.

"बसा," वहिनी म्हणाली. माझ्याशी बोलायची त्याच आवाजात. दादा बसला.

मग तिने मोड आलेला एक दाणा बोटांत धरला आणि त्याच्याकडेच पाहत बोलायला लागली. "नवव्या दिवशी मी तासात बोट घालून पाह्यलं होतं, भाऊजी. मूग चार बोटं खाली होता. फुटला होता, पन वर यायले दमच उरला नाही त्याले. पिवळा होऊन तिथंच मुरडला होता. तूर मह्या सरत्यातली. सरतं मह्या हातात, मी काय जोर देनार? ती वरच पडली, आन वरच आली."

"आणि तिफण?"

"यायनं दाबली होती. दोन्ही हातानं. मी मागूनच येत होती ना."

मी दादाकडे पाहिलं. तीस वर्षं. कुदळ, मीठ, पेढे, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

"बाबा बांधावर उभे होते," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा बारीक निघाला. "वरवर चालवू नको, वरवर चालवू नको, लावलं होतं त्यायनं. नवी बायको मांगून येऊन राह्यली, आन बाप बांधावरून शिव्या देऊन राह्यला. मी म्हटलं, घ्या मंग."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू ढेकूळ घेऊन धावला होता बे. तुले कोन सांगते?"

"आणि तुम्ही?" मी वहिनीला विचारलं.

ती लाजली नाही. "महिन्याची नवरी होती मी. सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव घेऊ? आन मंग गाव म्हनाले लागलं, सूनबाईचा हात लई चांगला. मले या घरात कोनी चांगलं म्हटलं ते तेच पह्यल्यांदा. मी म्हटलं, राहू द्या."

मला खूप ओरडायचं होतं. ओरडलोही थोडा. गवंडी काम थांबवून ऐकत होते, म्हणून दादाने मला आत नेलं आणि विचारलं, "आता तुले काय पाह्यजे?"

हा प्रश्न मला समजतो. मी म्हणालो, गावात पारावर सगळ्यांना बोलावून सांगायचं, की मूग तू दाबलास. तो म्हणाला, पारावर नाही. शेजारच्या दोन घरी सांगतो. मी म्हणालो, दहा घरी आणि बहिणीकडे. वहिनी मधे पडली. गावात सांगितलं तर माझ्या हाताचं काय, यंदा मला कोण न्यायला येईल, असा तिचा मुद्दा होता, आणि धंद्यातला माणूस म्हणून तो मला पटला. दुसऱ्याची चालती गिऱ्हाइकी मोडणं मी पाप समजतो. शेवटी उतरत उतरत एका फोनवर आलो. दादा माझ्या बायकोशी बोलणार, एवढंच.

दादाने फोन कानाला लावला. माझ्यासमोर, स्पीकर चालू करून, हे मी अटीत घातलं होतं.

"हालो. हाव, मी. त्याच्या हाताचं सांगायचं होतं. त्याचा हात... चालते."

"चालते म्हणजे?" पलीकडून बायको.

"म्हंजे काही खराबी नाही. तवा तिफण मीच खोल धरली होती."

मग ती म्हणाली, "बरं. टाका म्हनावं मूठ. पन वहिनींना संगं घेऊन या."

मोडाचे एकावन्न दाणे वहिनीने विहिरीजवळच्या वाफ्यात लावले आणि मी खामगावला परतलो.

पेरणीला मी ट्रॅक्टर आणू दिला नाही. शेजारच्या शेतकऱ्याने त्याचा देऊ केला होता, बायकोही म्हणाली, पण मला तिफणच हवी होती, बैलच हवे होते आणि हाकायला दादाच हवा होता. तो आला. वहिनी आली, सरतं घेऊन. बायकोने तिफणीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बांधावर जाऊन उभी राहिली. मूग बाजारातून आणलेला, पिशवीबंद. वाफ्यातला अजून फुलावर होता.

मी चाड्यावर मूठ धरली. दादाला बजावलं, "दोन बोटं. त्याखाली गेलास तर इथेच भांडण."

"तू तुह्या मुठीकडं पाह्य," तो म्हणाला.

चाड्यावरचं काम मला वाटत होतं तितकं लक्षात राहिलेलं नव्हतं. मूठ सैल धरली की दाणे भसकन पडतात, घट्ट धरली की काहीच पडत नाही. बैल थांबत नाहीत. मागून वहिनी सांगत होती, "दाट पडून राह्यलं, भाऊजी," आणि दहा पावलांनी, "आता पडूनच नाही राह्यलं." दादा पुढून म्हणाला, "त्याले वाटून राह्यलं गिऱ्हाईक मोजून घेते." मी संतापून मूठ आणखी आवळली. चार एकर होईपर्यंत माझं मनगट सुजलं होतं आणि मी तिघांशीही बोलायचं बंद केलं होतं.

आठव्या दिवशी आम्ही चौघं पाहायला गेलो. मी मुद्दाम पुढे चालत होतो, सगळ्यांच्या आधी पोहोचावं म्हणून.

मूग उगवला होता. सबंध शेतभर, हिरवा, टवटवीत, उगवण्यात काही कसूर नव्हती. पण ओळी पाहवत नव्हत्या. कुठे हातभर जागेत दाटीवाटीने गर्दी, मग पाच-सहा पावलं नुसती माती, मग पुन्हा गर्दी. जिथे तिफण वळवली होती तिथे तर अख्खे टप्पे रिकामे. तूर अर्थात सरळ.

दादा एका रिकाम्या जागी उकिडवा बसला, तासात बोट घातलं, माती बाजूला केली, आणखी थोडी बाजूला केली. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. दोन बोटं खाली काही नव्हतं. चार बोटं खालीही काही नव्हतं.

"खोल नाही गेलं," तो म्हणाला. "इथं बी पडलंच नाही."

मी सगळ्या रिकाम्या जागा पाहिल्या. कोणावर ढकलता येईल असं त्यांत काही नव्हतं. दादाने तिफण बरोबर चालवली होती, बियाणं बाजारातलं उत्तम होतं, आणि हातही जड नव्हता. तो फक्त शिकलेला नव्हता. तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षी पुन्हा चाड्यावर उभं केलं असतं तर शिकला असता, हे मी बोलून दाखवणार होतो. पण वहिनीने पदराची गाठ सोडून त्यातला मूग काढला. रिकाम्या जागांमधे हाताने दाणे टोचून खाडे भरायचे म्हणून तिने घरूनच आणला होता, म्हणजे तिला पेरणीच्या दिवशीच माहीत होतं.

बायकोने तो मूग तिच्या हातातून घेतला. क्षणभर मला वाटलं, आता हीच वहिनीला ओळीत धाडणार. तिने माझा हात धरला, तळवा वर केला आणि सगळा मूग त्यात ओतला.

"खाडे तुमचे आहेत," ती म्हणाली. "तुम्हीच भरा."

मी वाकलो. दर वितीवर बोटाने खळगा, खळग्यात दोन दाणे, वरून माती. ते तिघं बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले आणि त्यांनी भाकरी सोडली. पहिली ओळ अर्धी झाली नसेल, तोच मागून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, मांगं एक राह्यला."

मी मागे जाऊन तो भरला.